नवमीची सवाष्ण

गू-मूत काढताना शकीलाला कधी किळस आली नाही. नर्सिंग शिकत असताना सोबतच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि ही सरळ हात घालायची. माणूस आहे म्हणजे पोट आहे, पोट आहे म्हणजे ते साफ व्हायचंच, एवढं तिचं म्हणणं साधं होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या 'सुखछाया' वृद्धनिवासात ती कामाला लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली आणि विसराळूपणामुळे घर सोडावं लागलेली म्हातारी माणसं होती, ती सगळी तिच्याकडे. कोणाच्या पाठीला जखम झाली, कोणी तिला शिव्या घातल्या, कोणी तिच्या तोंडावर वरण थुंकलं. तिनं ते पुसलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

तिला किळस यायची ती पितृपक्षात.

पुण्यात आता घरी श्राद्ध घालणं लोकांना जमत नाही. स्वयंपाकाला माणूस नाही, गुरुजी वेळेवर मिळत नाहीत, बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत कावळा येत नाही. मग कोणीतरी कधीतरी शोध लावला, की वृद्धाश्रमात जेवण द्यावं. पुण्यही लागतं आणि भांडी घासायला लागत नाहीत. भाद्रपदाची पौर्णिमा झाली की सर्वपित्रीपर्यंत 'सुखछाया'चा एकही दिवस मोकळा नसायचा. रोज खालच्या हॉलमध्ये एका नव्या मेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो, त्यापुढे उदबत्ती, आणि समोर ओळीनं बसवलेले म्हातारे. मॅनेजर उत्कर्षा मॅडम हातात माइक घेऊन उभ्या. खीर, वडे, पुऱ्या, पुरण.

"मॅडम, निम्म्यांना साखर आहे," शकीला दरवर्षी सांगायची. "तळलेलं पचत नाही. मऊ भात आणा म्हणावं."

"सिस्टर, मऊ भातावर कोण श्राद्ध घालतं?" उत्कर्षा मॅडम दरवर्षी हसून म्हणायच्या. त्या वयानं लहान होत्या. हॉटेल मॅनेजमेंट शिकून इथे आल्या होत्या आणि आलेल्या माणसाला नाराज करून परत पाठवायचं नाही, एवढं पक्कं शिकल्या होत्या.

मग संध्याकाळी वरच्या मजल्यावर पोटं बिघडायची. ते शकीलाला चालायचं, ते तिचं कामच होतं. तिला सहन व्हायचं नाही ते आलेल्या लोकांचं बघणं. ते म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. "आजोबा, अजून एक वडा घ्या ना. आमच्या बाबांना फार आवडायचा." एसटीच्या कंडक्टरजवळ पुढच्या गावच्या माणसासाठी डबा द्यावा, तसे ते या म्हाताऱ्यांजवळ घास देत होते. तुम्ही तिकडेच निघालाय, जाता जाता एवढं पोचवा.

हे सगळ्यांना कळत होतं. यज्ञेश्वर दामले नावाचे एक जुने पोस्टमास्तर होते, ते तर पान वाढलं की मोठ्यानं म्हणायचे, "काव काव. वाढा. शहरात कावळे कमी पडतायत, म्हणून आमची बदली झाली आहे." लोक हसायचे. त्यांना वाटायचं आजोबा विनोदी आहेत.

तुळजाबाईंना मात्र यातलं काही कळत नव्हतं. त्या पान बघून खूश व्हायच्या. त्यांना वाटायचं कोणाचं तरी लग्न आहे.

तुळजाबाई परळीकडच्या. नवरा वैजनाथ साखर कारखान्यात लागला म्हणून इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. नवरा गेला तेव्हा त्यांची आठवण आधीच विरत चालली होती. मुलगा वाघोलीत फ्लॅटमध्ये राहायचा. त्याच्या घरी दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हा त्यानं आईला इथे आणून ठेवलं.

आल्यावर त्या रोज संध्याकाळी विचारायच्या, "मालक आले न्हाईत?"

तेव्हा वर जी सिस्टर होती ती शिस्तीची होती. ती खरं सांगायची. "आजी, ते वारले." आणि तुळजाबाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडायच्या, कारण त्यांच्यापुरतं ते पहिल्यांदाच असायचं. सकाळी उठल्या की पाटी कोरी. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच हंबरडा. एका बाईचा एकच नवरा रोज मरत होता. वरचा मजला शकीलाकडे आला त्या आठवड्यात तिनं हे बघितलं, आणि संध्याकाळी प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली,

"मालक दुसऱ्या पाळीला गेलेत, मावशी. उशीर होईल म्हणाले. तुम्ही जेवून घ्या."

"मंग सांगून जाया काय झालं हुतं?"

"तुम्ही झोपला होता."

"आसं का," तुळजाबाई म्हणाल्या आणि जेवल्या. एवढंच. त्या दिवसापासून वैजनाथ रोज दुसऱ्या पाळीला जायला लागला.

गळ्यातली काळी पोत आणि हातातल्या बांगड्या त्यांनी कोणाला काढू दिल्या नव्हत्या. राहिलं कपाळ. सकाळी वेणी घालताना आरशात मोकळं कपाळ दिसलं की त्या घाबरायच्या. शेजारच्या खाटेवर राधाबाई होत्या, सदाशिव पेठेतल्या. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. त्या एक दिवस म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या कपाटात कुंकवाची डबी आहे. लावा तिला."

शकीला थबकली. "काकू, चालतं का तुमच्यात?"

"कोणाला चालत नाही? तिला चालतंय. मला चालतंय. वैजनाथरावांची काही तक्रार आली आहे का?"

तुळजाबाईंना टिकली चालायची नाही. आधी बोटभर मेण, त्यावर कुंकू, चांगलं आडवं. शकीलानं ते हळूहळू शिकून घेतलं. हडपसरला तिच्या नवऱ्याचं, हुसेनचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यानं एकदा तिच्या बोटाकडे बघून विचारलं, "हे लाल काय?" ती म्हणाली, "औषध आहे." तिला ते खोटं वाटलं नाही.

राधाबाईंचे यजमान श्रीधरराव रोज यायचे. पेठेतून बस बदलत बदलत, हातात डब्याची पिशवी. बायकोला भरवायचे, पेपर वाचून दाखवायचे. तुळजाबाई त्यांनाही विचारायच्या, "मालक भेटले का वो गेटापाशी?"

"भेटले की," श्रीधरराव म्हणायचे. "घाईत होते. पाळीची वेळ झाली म्हणाले."

राधाबाई अर्ध्या तोंडानं हसायच्या. "चहा तरी पाजायचा होतात."

त्या खोलीत तिघांनी मिळून वैजनाथला जिवंत ठेवला होता, आणि तुळजाबाई त्याच्या जिवावर दोन वेळा जेवत होत्या.

मग राधाबाई गेल्या. श्रीधरराव यायचे बंद झाले. वर्ष उलटून गेलं आणि या वर्षी पितृपक्षाच्या आधी ते अचानक आले, तेव्हा शकीलानं त्यांना पटकन ओळखलं नाही. शर्ट इस्त्रीचा होता, पण गळ्याशी सैल झाला होता, आणि दाढी गालावर जागोजागी राहून गेली होती. त्यांनी नवमीचं जेवण ठरवलं होतं.

नवरा मागे असताना जी बाई जाते तिचं श्राद्ध अविधवा नवमीला घालतात. त्या दिवशी नवरा असलेली बाई, सवाष्ण, पाटावर बसवायची. तिला हळदीकुंकू लावायचं, साडीनारळानं ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. ती तृप्त झाली म्हणजे गेलेली तृप्त झाली. शकीला लहानपणापासून हिंदूंच्या शेजारात वाढलेली, तिला हे समजावून सांगायला लागत नव्हतं.

"सवाष्ण म्हणून तुळजाबाईंना बसवायचं ठरवलंय," श्रीधरराव म्हणाले.

शकीला हळू आवाजात म्हणाली, "काका, मावशींचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. राधाला कोण बसलेलं आवडलं असतं, तेही माहीत आहे. तिच्याच डबीतलं कुंकू आहे ते."

"घरचे?"

"घरी मी सांगतो. तुम्ही काळजी करू नका."

शकीलाला त्या दिवशी बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी इथल्या माणसाचं नाव घेऊन, तिला ओळखून जेवायला बोलावत होतं. घरी जाताना तिला वाटलं, या वर्षीचा एक दिवस तरी धड जाईल.

नवमीला श्रीधररावांची सून तनुजा आणि मुलगा गाडीतून डबे घेऊन आले. बाकीचे दाते केटररचं आणायचे. तनुजानं कंपनीत रजा टाकून पहाटेपासून स्वतः रांधलं होतं. पुरण, वडे, आमसुलाची चटणी, सगळं सोवळ्यात. तिच्या तोंडात सकाळपासून पाणी नव्हतं. फोटोतल्या राधाबाईंना नमस्कार करताना तिचे डोळे भरले, आणि ते खोटं नव्हतं. शकीलाला ती आवडली.

तुळजाबाईंना शकीलानं सकाळीच न्हाऊ घातलं होतं, कुंकू रेखलं होतं. तनुजानं त्यांचे पाय धुतले, पदरानं पुसले. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ अशी ओटी भरली. तुळजाबाईंनी ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तनुजाच्या गालावरून बोटं फिरवली.

"कोनाची गं तू? लई गुनाची हायस. मालक आले की दाविते त्यास्नी."

तनुजा हसली. मुलगा फोन धरून उभा होता. नाशिकची आत्या पलीकडून सगळं बघत होती. श्रीधरराव पहिल्या पानावर बसले होते. शकीला तुळजाबाईंच्या मागे पाण्याचं भांडं घेऊन उभी राहिली. तुळजाबाईंनी वडा खिरीत बुडवून खाल्ला, दुसरा घेतला.

तेवढ्यात उत्कर्षा मॅडमनी माइक हातात घेतला. जेवण देणाऱ्याला इथल्या माणसांची ओळख करून द्यायची त्यांची पद्धत होती. त्यानं लोकांना बरं वाटतं.

"आज तनुजा मॅमनी ज्यांची ओटी भरली त्या आमच्या लाडक्या तुळजाआजी. आजींचे मिस्टर साखर कारखान्यात होते. ते वारल्यानंतर आजी एकट्या पडल्या, आणि तेव्हापासून 'सुखछाया' हेच त्यांचं कुटुंब."

टाळ्या वाजवायला त्यांनी हात वर केला. कोणी वाजवल्या नाहीत. उत्कर्षा मॅडमना सवाष्ण म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, जेवणाऱ्या बाईला म्हणत असतील.

"काय म्हणाल्या?" तनुजा उठून उभी राहिली. "यांचे मिस्टर नाहीत?"

"नाहीत ना, मॅम. होऊन गेली तीन वर्षं."

"मग हे कुंकू?"

तुळजाबाई वडा हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "कोन वारलं?"

"बाबा," तनुजा श्रीधररावांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. ती घाबरली होती. "यांचं नाव तुम्ही सुचवलंत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

शकीलानं श्रीधररावांकडे बघितलं. आता सांगतील. मला माहीत होतं, राधालाही माहीत होतं, ही तिची मैत्रीण आहे, बस खाली. दोन वाक्यांचं काम होतं.

श्रीधररावांनी पानातली चटणी बोटानं सरळ केली. "नाही बुवा," ते म्हणाले. "तसा कधी विषय निघाला नाही."

शकीलानं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"पण कुंकू लावतं कोण यांना?" मुलानं विचारलं.

"मी," शकीला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मुलानं फोन खाली घेतला. "सिस्टर, तुमचं नाव काय म्हणालात?"

"म्हणाले नव्हते. शकीला."

"अच्छा." तो समजूतदारपणे हसला. "तरीच. म्हणजे तुमचा दोष नाही. आमच्यात या गोष्टी किती बघतात, ते तुम्हाला कसं माहीत असणार."

"मला माहीत आहे. मावशी रडतात, म्हणून लावते."

"सिस्टर, तुम्ही गप्प बसा," उत्कर्षा मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

"कोन वारलं म्हन्ते मी?" तुळजाबाईंनी पुन्हा विचारलं. शकीला खाली वाकली, "कोणी नाही, मावशी, जेवा तुम्ही," असं म्हणेपर्यंत उत्कर्षा मॅडम पुढे आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि लहान मुलाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमचे मिस्टर. विसरलात का? देवाघरी गेले ना ते."

तुळजाबाईंच्या हातातला वडा पानात पडला.

त्यानंतर जे झालं ते सगळं अतिशय सभ्यपणे झालं, आणि शकीलाला नंतर कित्येक दिवस तोच सभ्यपणा आठवून किळस येत राहिली. तनुजा रडकुंडीला येऊन म्हणाली, "सॉरी आजी, खरंच सॉरी. पण आईंना पोचणार नाही हो." आणि तिनं तुळजाबाईंच्या मांडीवरची साडी उचलली. खण उचलला. नारळाला तुळजाबाईंनी घट्ट धरलं होतं. तनुजानं त्यांची बोटं एक एक करून सोडवली. तांदूळ जमिनीवर सांडले. फोनमधून आत्या ओरडत होती, "दुसरी बघा गं, वेळ टळायच्या आत दुसरी बघा."

दुसरी कुठून आणायची? इथल्या सगळ्या बायका नवऱ्याला पोचवूनच आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, शकीला सिस्टरचे मिस्टर आहेत की. तनुजानं शकीलाच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडे बघितलं, मग खाली बघितलं. "नको. तसं नाही काही, पण आजच्या दिवशी नको."

शेवटी स्वयंपाकघरातून मुक्ताईला बोलावलं. ती भांडी टाकून ओल्या हातांनी आली.

"नवरा आहे ना तुला?"

"हाय की. पिऊन पडलाय घरी. आनू का?"

तिला तिथेच पाटावर बसवलं. तोच नारळ, तीच साडी. तुळजाबाईंचं पान उचलून बादलीत टाकलं. यज्ञेश्वर दामले आपल्या जागेवरून म्हणाले, "अहो, आमचंही सोवळं एकदा तपासून घ्या. कावळा चुकीच्या झाडावरचा निघायचा." या वेळी कोणी हसलं नाही. श्रीधरराव जेवत होते.

शकीलानं तुळजाबाईंना वर नेलं. त्या ओरडल्या नाहीत. खाटेवर बसल्या, आणि शकीला पाणी आणायला वळली तेवढ्यात दोन्ही हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटले. पुन्हा आपटले. बांगड्यांच्या काचा गादीभर झाल्या. शकीलानं त्यांना मागून कवटाळलं, तरी त्या हात सोडवून घेत होत्या. वय झालेल्या बाईच्या अंगात एवढं बळ कुठून येतं ते तिला कळेना. मनगटातून रक्त आलं. मग खाल्लेली खीर खालून बाहेर पडली, पातळाला, गादीला, शकीलाच्या कपड्यांना. रक्त, काचा आणि घाण. शकीला ते निपटत बसली. काच वेगळी, कपडे वेगळे, मनगटाला पट्टी, अंग पुसणं. त्या सगळ्यात तिला वास आला नाही. तिला वास येत होता तो खालच्या हॉलमधून वर येणाऱ्या वेलचीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई उठल्या तेव्हा त्यांना कालचं काही आठवत नव्हतं. मनगटावरची पट्टी बघून त्या म्हणाल्या, "हे काय लागलं गं?" शकीलाच्या जिवात जीव आला. तिनं वेणी घातली, मेणाची आणि कुंकवाची डबी काढली, बोट पुढे नेलं.

तुळजाबाईंनी मान फिरवली.

"मावशी?"

"नगं."

"अहो, कुंकू लावते."

"नगं म्हनलं ना." त्यांनी तळहात कपाळावर दाबून धरला. का नको, ते त्यांनाही सांगता येईना. गोष्ट पुसली गेली होती, पण तिचा ओरखडा राहिला होता. संध्याकाळी त्यांनी मालक आले का, हे विचारलं नाही. शकीलानं आपणहून सांगितलं, दुसऱ्या पाळीला गेलेत. तुळजाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दूध ओठाशी नेलं तर दात मिटून घेत. पहिल्यांदा शकीलाचं खोटं त्यांच्या पोटात जाईना, आणि त्याबरोबर अन्नही जाईना.

उत्कर्षा मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, कुंकू बंद. दात्यांच्या भावना दुखावतात.

"लावूनच घेत नाहीत त्या आता," शकीला म्हणाली. "तुमचं काम झालं."

"सिस्टर, असं टोचून बोलू नका. मी खोटं तर काही सांगितलं नाही ना?"

"नाही, मॅडम. तुम्ही खरंच सांगितलंत." आणि ती वर गेली.

श्रीधरराव आले ते त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी. हातात पेढ्यांचा पुडा होता. दारातच उभे राहिले.

"सिस्टर, त्या दिवशी... तनुजा सकाळपासून उपाशी होती. तिथे मी सांगितलं असतं तर घरात कायमचं..."

"काका, मला सांगू नका."

"मला झोप नाही हो."

"मावशी जेवत नाहीत," शकीला म्हणाली. झोपेबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं. तिला या माणसाकडे बघवत नव्हतं, पण त्याच्याशिवाय तिच्याकडे कोणी नव्हतं. "माझं त्यांना पटत नाही आता. तुमचं पटेल. रोज तुम्ही सांगायचात, गेटावर भेटले म्हणून. तेवढं सांगा."

"एवढंच ना? सांगतो की." त्यांचा चेहरा उजळला. भरपाई इतकी स्वस्तात मिळेल असं त्यांना वाटलं नसावं.

ते खुर्ची ओढून खाटेजवळ बसले, नेहमीच्या जागी. फक्त शेजारच्या खाटेवर आता दुसरीच एक बाई झोपलेली होती, त्या खाटेकडे त्यांनी पाठ केली.

"काय तुळजाबाई, ओळखलंत का?"

तुळजाबाईंनी बराच वेळ बघितलं. "डबेवाले," त्या म्हणाल्या.

"बरोबर. अहो, वैजनाथराव भेटले मला आत्ता गेटावर. घाईत होते. पाळीची वेळ झाली म्हणाले."

तुळजाबाईंची मान हळूहळू वर आली. इतके दिवस विझलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं. "भेटले?"

"भेटले की."

"जेवले हुते का?"

"डबा होता हातात. तुम्हाला जेवून घ्या म्हणाले."

"आसं म्हनले?" तुळजाबाईंनी शकीलाकडे बघितलं. शकीलानं मऊ भाताची वाटी उचलली, चमचा भरला. तुळजाबाईंनी तोंड उघडलं. एक घास गेला. दुसरा घास गेला.

तिसरा घास तोंडात घोळत होता तेव्हा तुळजाबाईंनी श्रीधररावांच्या मागे वाकून बघितलं. "आन् राधाबाई कुटं हायत वो? दिसंनात."

शकीला श्रीधररावांकडे बघत होती. घरी गेल्यात. बस. माहेरी गेल्यात. झोपल्यात. काहीही. आपल्या सुनेसमोर ज्याला एक शब्द सहज खोटा बोलता आला, त्याला हा बोलायला काय जड होतं?

श्रीधररावांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांचा चेहरा आवळून आला आणि ते म्हणाले, "राधा गेली हो, तुळजाबाई. गेली ती. मला एकट्याला ठेवून गेली."

ते रडायला लागले. खुर्चीवर वाकून, खांदे हलवत. तुळजाबाईंनी पट्टीचा हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"मंग माजे बी गेले आसतील," त्या म्हणाल्या. "तुमी उगा म्हनताव, गेटावर भेटले म्हनून."

तोंडातला तिसरा घास त्यांनी बाहेर काढून तळहातावर घेतला आणि शकीलाच्या वाटीत ठेवला. हंबरडा नव्हता. पहिल्यांदाच त्यांनी ती गोष्ट स्वतःच्या डोक्यानं जुळवली होती, आणि स्वतः जुळवलेली गोष्ट कोणी उलटी फिरवू शकत नाही, हे शकीलाला समजलं.

"तिच्याबद्दल नाही हो मला खोटं बोलता येत, सिस्टर," श्रीधरराव डोळे पुसत म्हणाले. "दुसरं काहीही सांगा. तिच्याबद्दल नाही."

शकीलाला त्यांची कीव यायला हवी होती. म्हातारा माणूस होता, बायकोवर जीव होता, ते तिनं स्वतः बघितलं होतं. पण आली ती किळसच. नाकातून वाहणारं पाणी, शर्टाचा सैल गळा, मांडीवरचा पेढ्यांचा पुडा. दुःख याचं होतं, आणि ते यानं या बाईच्या पानात वाढलं होतं.

"मला येतं खोटं बोलता," ती म्हणाली. "रोज येतं. तुमच्या बायकोलाही यायचं. जा तुम्ही."

"मी पुन्हा उद्या येऊन—"

"येऊ नका."

तुळजाबाई मानेशी काहीतरी चाचपत होत्या. गळ्यात काळी पोत होती, मण्यांची, कित्येक वर्षांची. त्यांची बोटं गाठीपर्यंत पोचत नव्हती.

"एवडं काड गं," त्या शकीलाला म्हणाल्या.

"राहू दे, मावशी."

"काड. बायामानसांनीच काडायचं आसतंय. माजं दुसरं कोन हाय हितं?"

शकीलानं त्यांच्या मागे बसून गाठ सोडवायला घेतली. तेल आणि घाम पिऊन दोरा दगडासारखा झाला होता. नखं लागेनात. श्रीधरराव अजून उभेच होते, पुडा धरून, बघत.

"काका, पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं," शकीला मान वर न करता म्हणाली.

ते गेल्याचं तिला पावलांवरून कळलं. मग तिनं ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री घेतली, दुसऱ्या हातानं तुळजाबाईंची हनुवटी किंचित वर केली, कातडीला टोक लागू नये म्हणून आपलं बोट दोऱ्याखाली सारलं, आणि दोरा कापला.